‘घरगुती कारण’ ही पळवाट आहे

एखादा जवान स्वतःचा जीव घेतो, तेव्हा पेपरात चार ओळी येतात. नाव, गाव, नोकरीची वर्षं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: घरगुती कारणातून टोकाचं पाऊल उचललं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचलंय की आता बातमी उघडण्याआधीच ते डोळ्यांपुढे येतं. बॅरेकमध्येही दोन दिवस कुजबुज होते. कुणी म्हणतं बायकोचं काहीतरी होतं, कुणी म्हणतं कर्ज होतं, कुणी म्हणतं ‘मनाने कच्चा होता’. तिसऱ्या दिवशी फॉल-इन, ड्युटी चार्ट, आणि विषय संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘घरगुती कारण’ हे कारण नाही. फाईल बंद करायचा तो शिक्का आहे. मेलेल्या माणसाच्या माथी त्याचंच मरण मारायचं आणि बाकी सगळ्यांनी हात झटकायचे, एवढंच काम ते दोन शब्द करतात. या लेखात मी त्या दोन शब्दांशी भांडणार आहे. भांडण कुठल्या एका साहेबाशी किंवा युनिटशी नाही. हे शब्द आपण सगळेच वापरतो, जवान, अधिकारी, नातेवाईक, पत्रकार, सगळे.

आधी आकडे घ्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, आसाम रायफल्स आणि एनएसजी मिळून २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० जवानांनी आत्महत्या केल्या. ही माहिती गृहमंत्रालयाने राज्यसभेत दिली. ही दलं लष्कराची नाहीत हे मला माहीत आहे, पण वर्दी, बंदूक, घरापासूनचं अंतर आणि सुट्टीचा अर्ज यांत फारसा फरक नाही. याच प्रश्नावर नेमलेल्या टास्क फोर्सला एक गोष्ट दिसली. ८० टक्क्यांहून जास्त आत्महत्या जवान सुट्टीवरून परत आल्यानंतर झाल्या होत्या.

हे वाचून बहुतेक लोक लगेच म्हणतात, ‘बघा, म्हणजे घरचंच कारण!’ मी उलटं म्हणतो. घरी प्रश्न होता म्हणून तो सुट्टीवर गेला. प्रश्न सुटायच्या आत सुट्टी संपली. मग तो प्रश्न जसाच्या तसा छातीवर घेऊन हजारदोन हजार किलोमीटर परत आला आणि रात्रीच्या पहाऱ्यावर एकटा उभा राहिला. मरण घरी आलं नाही, परतल्यावर आलं. मग कारण घरात शोधायचं, की घर आणि ड्युटी यांच्यामधल्या त्या अंतरात?

माझ्या आधीच्या एका पोस्टिंगवर एक नाईक होता. नाव, गाव, युनिट काही लिहीत नाही. वडील गेल्यावर तीन एकरांची वाटणी व्हायची होती. थोरल्या भावाने फेरफारावर हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणीची तारीख लागली, म्हणून त्याने वीस दिवसांची सुट्टी काढली. येण्याजाण्यात चार दिवस गेले. तारखेच्या दिवशी साहेब दुसऱ्या कामावर होते, तारीख पुढे गेली. पुढची तारीख सुट्टी संपल्यावरची. बायको आणि दोन मुलं त्याच घरात, त्याच भावाच्या चुलीशेजारी राहत होती, कारण फॅमिली क्वार्टरसाठी यादीत त्याचा नंबर अजून खाली होता. तो परत आला. आठवडाभर गप्प होता. गप्प माणूस शिस्तीचा वाटतो, म्हणून कुणी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी तो गेला. कागदावर कारण लागलं, घरगुती.

आता हिशोब मांडा. सुनावणी पुढे गेली ती सरकारी कार्यालयात. चार दिवस गेले ते प्रवासात. सुट्टी वीस दिवसांची होती, कारण त्या महिन्यात माणसं कमी होती. क्वार्टर नव्हतं, कारण जवान जास्त आणि क्वार्टर कमी. बायकोला सासरीच राहावं लागलं, कारण दोन ठिकाणी भाडं भरून मुलांची शाळा चालवणं परवडत नव्हतं. यातलं घरगुती काय आहे? महसूल खातं, रेल्वे, ड्युटी चार्ट, घरबांधणी आणि पगार यांची बेरीज करून खाली ‘घरगुती’ लिहिलं, एवढंच.

गंमत म्हणजे सरकारला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९२५ सालचा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. युद्धावर किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाला कोर्टात हजर राहता येत नसेल, तर त्याच्यावरचा दिवाणी दावा थांबवून ठेवायची सोय त्यात आहे. म्हणजे सैनिक दूर असताना त्याच्या जमिनीचं काय होतं, हा फक्त त्याचा खासगी मामला नाही, हे इंग्रज सरकारनेही मान्य केलं. कायद्याची पोच मात्र तोकडी आहे. नेहमीच्या शांत ठाण्यावरचा जवान त्यात सहसा बसत नाही. आणि आपल्याकडची निम्मी भांडणं कोर्टाची पायरी चढतच नाहीत, ती तलाठ्याच्या टेबलावर आणि बांधावरच माणसाला खातात.

आता फौजेचंच एक उदाहरण घेतो, कारण तिथे माझा मुद्दा सगळ्यात स्वच्छ दिसतो. मलेरिया. संध्याकाळ झाली की बाह्या खाली, पँटचे पाय बांधलेले, मच्छरदाणी लावलेली, उघड्या अंगाला तेल चोपडलेलं. कुठे पाणी साचलं तर बुजवायचं किंवा त्यावर तेल टाकायचं. आणि एवढं करून एखाद्या जवानाला मलेरिया झालाच, तर पहिला प्रश्न जवानाला विचारला जात नाही. प्लाटून कमांडरला विचारतात, खबरदारी घेतली होती का? उष्माघाताचंही तसंच. भर दुपारी पळवताना जवान कोसळला, तर ‘त्याची प्रकृती कच्ची होती’ म्हणून कुणी सुटत नाही. कुणी पळवलं, किती वाजता पळवलं, पाणी होतं का, हे विचारलं जातं.

म्हणजे शरीराचा आजार माणसाच्या आत जेवढा असतो तेवढाच बाहेर असतो, डबक्यात असतो, वेळापत्रकात असतो, हुकुमात असतो, हे फौजेला उत्तम कळतं. मनापर्यंत आलं की मात्र आपली अक्कल थांबते. तिथे डबकं कुणी शोधत नाही. ‘चावून घेतलंस कशाला’ म्हणून जवानालाच विचारतो.

१८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टरने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येवर पुस्तक छापलं. रॉसचा शोध जगभरच्या फौजांनी उचलला, आज आपल्या बाह्या संध्याकाळी खाली येतात त्या त्यामुळे. दुर्खीमचं पुस्तक मात्र कॉलेजात राहिलं. खरं तर त्यात एक मोठा भाग सैनिकांवरच आहे.

दुर्खीमने युरोपातल्या देशांची सरकारी आकडेवारी समोर ठेवली. त्याच वयाच्या नागरिकांपेक्षा सैनिक जास्त आत्महत्या करतात हे त्याला दिसलं. लोक तेव्हाही तीच कारणं सांगायचे जी आज कॅन्टीनमध्ये ऐकू येतात: लग्न झालेलं नसतं, दारू पितात, नोकरीला कंटाळलेले असतात. त्याने एकेक कारण आकड्यांवर घासून बाजूला काढलं. कंटाळाच कारण असता तर नवख्या रंगरुटांत प्रमाण जास्त दिसायला हवं होतं. दिसलं उलटंच. नोकरी जितकी जुनी तितकं प्रमाण वाढत जातं. साध्या शिपायापेक्षा हवालदार दर्जाच्या लोकांत जास्त, आणि सक्तीने आलेल्यांपेक्षा स्वखुशीने भरती झालेल्यांत आणि दुसऱ्यांदा भरती झालेल्यांत जास्त.

मी हे वाचलं तेव्हा थांबलो. कारण मी स्वतः दुसऱ्यांदा वर्दी चढवलेला माणूस आहे. डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोर, त्यात आम्ही बहुतेक सगळे एक नोकरी पुरी करून आलेले असतो. तंजावरच्या हवाई तळावर आमची ड्युटी म्हणजे दरवाजे, कुंपण आणि रात्र. लोकांना वाटतं हे जुने मुरलेले गडी, यांना काय होणार आहे! दुर्खीम म्हणतो, मुरलेल्याकडेच आधी बघा. त्याचं स्पष्टीकरण असं, की फौज माणसाला शिकवते, तुझा जीव तुझा नाही. युनिटचा आहे, देशाचा आहे. हे शिकवल्याशिवाय फौज उभी राहत नाही, मान्य. पण वीस वर्षं ज्याला स्वतःच्या जिवाची किंमत कमी धरायला शिकवलं, त्याचा अपमान झाला, त्याला आपण घराला ओझं झालोय असं वाटायला लागलं, तर तोच धडा तो स्वतःवर फिरवतो. याला मनाचा कच्चेपणा म्हणायचं? हा तर शिस्तीचा पक्केपणा झाला. चुकीच्या जागी लागलेला, पण आपणच शिकवलेला.

आता ज्या मुलखात बसून मी लिहितोय तिकडे येतो, कारण इथे हेच दोन शब्द दुसऱ्या माणसांवर मारलेले दिसतात. तंजावर म्हणजे कावेरीच्या फाट्यांचा प्रदेश, तामिळनाडूचं भाताचं कोठार. २०१६ चा पावसाळा फसला, कावेरीचं पाणी आलं नाही, आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केला. त्या हिवाळ्यात या त्रिभुज प्रदेशात शेतकरी मेले, कुणी आत्महत्या करून, कुणी सुकलेलं शेत बघता बघता छाती धरून. इथले शेतकरी कवट्या हातात घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसले. आणि राज्य सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की दुष्काळामुळे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही. मग मेले कशाने? वैयक्तिक कारणांनी.

आपण महाराष्ट्रातल्यांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येची चौकशी होते आणि समिती ठरवते, पात्र की अपात्र. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख. कर्जाचा कागद नसला, सावकाराने वही दाखवली नाही, तर मेलेला माणूस अपात्र. मराठीत मरणाला लावलेला यापेक्षा वाईट शब्द मला माहीत नाही. जवानाचं ‘घरगुती’, तंजावरच्या शेतकऱ्याचं ‘वैयक्तिक’ आणि विदर्भातल्या शेतकऱ्याचं ‘अपात्र’, तिन्ही शब्द एकाच गिरणीतले आहेत. आणि बऱ्याचदा ही एकाच घरातली माणसं असतात. थोरला शेतात, धाकटा फौजेत. एकाच बांधाचं दुखणं दोघांना पोचतं. फक्त दोन वेगळ्या खात्यांच्या दोन फाईलींत नोंदवलं जातं.

पण याच तंजावरात याच्या नेमकी उलट समज दगडात बांधून ठेवलेली आहे. ती बघायला सुट्टीच्या दिवशी बसने ओरत्तनाडूला गेलो होतो. तिथे मुक्तांबाळचं छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र. सरफोजी राजे दुसरे यांनी मुक्तांबा नावाच्या आपल्या प्रिय स्त्रीच्या आठवणीत १८०२ च्या सुमारास ते बांधलं. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी बरीच छत्रं बांधली होती. १७९९ च्या तहात राज्य कंपनीकडे गेलं आणि राजांकडे किल्ला आणि ठरावीक नेमणूक उरली. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात छत्रांना धक्का लावू नका ही विनंती आहे, आणि तिथे काय काय चालतं याचं वर्णन आहे.

ते वर्णन वाचण्यासारखं आहे. येणाऱ्या प्रत्येक जातीच्या वाटसरूला जेवण. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याला बोलावून खायला घालायचं. वाटेत आजारी पडला तर औषध आणि पथ्याचं अन्न, आणि बरा होईपर्यंत आपुलकीने ठेवून घ्यायचं. गरोदर बाई तिथेच बाळंत झाली तर खर्च छत्राचा, आणि तीन महिने तिला तिथे राहू द्यायचं. तंजावरच्या राजवाड्यात याच राजांनी धन्वंतरी महाल चालवला. तिथे वैद्य रोग्यांवर उपचार करून नोंदी ठेवत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदींत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रंसुद्धा काढलेली आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात ती जपून ठेवलेली आहेत.

राजेशाहीचा मला उमाळा आलेला नाही. छत्रात जेवण सगळ्यांना होतं तरी पंगती जातीप्रमाणे वेगळ्या होत्या, आणि खर्च येत होता तो रयतेच्या भातातून. पण एक गोष्ट त्या काळच्या माणसांना स्वच्छ दिसत होती. घरापासून दूर असलेला माणूस आजारी पडतो तेव्हा त्याचं घर त्याच्या मदतीला येऊ शकत नाही. म्हणून ज्याच्या मुलखात तो आहे, ज्याच्या वाटेवर तो आहे, त्याने घराची जागा घ्यायची. वाटसरूला कुणी म्हटलं नाही, की बाबा, तुझा ताप ही तुझी घरगुती बाब आहे. जवान म्हणजे दुसरं काय? सरकारच्या हुकुमाने वाटेवर असलेला वाटसरू. फरक इतकाच, की रामेश्वरचा वाटसरू स्वतःच्या मर्जीने निघाला होता आणि मनात आलं की मागे फिरू शकत होता.

इथे आल्यावर रडण्याबद्दलही मला एक गोष्ट कळली. तमिळ गावांत मयत झालं की बायका गोल करून बसतात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकतात आणि ओप्पारी गातात. गेलेल्याचे गुण, त्याच्यावर झालेला अन्याय, कुणी त्याला फसवलं, कुणी औषधाला पैसे दिले नाहीत, सगळं गाण्यात येतं, आणि सगळ्या गावासमोर येतं. दुःख तिथे एकट्याचं राहत नाही आणि कारणही लपत नाही. आपल्याकडेही आयाबायांनी जात्यावर हेच केलं. पुरुषाच्या वाट्याला मात्र आपण काय ठेवलं? ‘रडगाणं’ हा शब्द. शिवी म्हणून.

बॅरेकमध्ये तर ती जागाही नाही. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकन बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की काही नोकऱ्यांत अंगमेहनतीबरोबर चेहऱ्यावरचं हसूही विकावं लागतं, आणि त्या मेहनतीचा थकवा कुणी मोजत नाही. पहारेकऱ्याचं तसंच आहे, फक्त विकायचा चेहरा कोरा असतो. तो चेहरा ड्युटी संपल्यावर खुंटीला टांगता येत नाही. घरी फोन लावला की तोच चेहरा आवाजात उतरतो. ‘इकडं सगळं ठीक आहे, तिकडं?’ तिकडून बायको म्हणते, ‘इकडंबी सगळं ठीक आहे.’ दोघंही खोटं बोलतात, एकमेकांच्या काळजीपोटी. सासऱ्याचं आजारपण, दिराची बोलणी, मुलाची फी, हे सगळं तिने एकटीने गिळलेलं असतं. त्याने इकडचं गिळलेलं असतं. रोज रात्री दहा मिनिटं हे नाटक चालतं, आणि आम्ही त्याला संपर्क म्हणतो.

आता कुणी म्हणेल, मग सांगायचं ना डॉक्टरला! सांगून बघा. ताप आला की सिक रिपोर्टला नाव द्या, डॉक्टर ‘एक्सक्यूज ड्यूटी’ लिहितो, कुणी बोट दाखवत नाही. आजारी माणसाला कामातून सूट आणि दोषातून माफी, बदल्यात त्याने बरं व्हायचा प्रयत्न करायचा, असा समाजाचा करार असतो. टॅल्कट पार्सन्सने १९५१ मध्ये हे मांडलं. मनाच्या आजाराला मात्र हा करार लागू होत नाही. तिथे सूट मिळायच्या आधी दोष मिळतो. ‘नाटक करतोय’, ‘ड्युटी टाळतोय’, ‘सायको झालाय’. आपल्या मेडिकल कॅटेगरीच्या शेप या शब्दात पहिलंच अक्षर मनासाठी आहे, कान, हातपाय, ताकद आणि डोळे त्यानंतर येतात. पण त्या पहिल्या अक्षरापुढे एकचा दोन झाला की प्रमोशनचं काय होणार, हत्यार काढून घेणार का, गावात काय कळणार, हे जवानाला पाठ असतं. म्हणून तो गुडघा दुखतोय सांगतो, झोप लागत नाही हे सांगत नाही.

कायद्याचंही बघा. नागरिकांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चाला, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. नव्या न्याय संहितेतून तर जुनं ३०९ कलम तसं उरलेलंच नाही. पण १९५० च्या आर्मी ॲक्टमधलं ६४ वं कलम काढून वाचा. आत्महत्येचा प्रयत्न तिथे अजून गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. शेजारच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला जी गोष्ट आजार म्हणून मिळते, ती वर्दीतल्या माणसाला अपराध म्हणून मिळते.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: सगळ्यांना सारखीच सुट्टी, सारखीच ड्युटी, मग एकच का मरतो? याचं उत्तर वर दिलंय. एका डबक्याशेजारी शंभर जण झोपतात आणि मलेरिया तिघांनाच होतो. म्हणून डबकं निर्दोष ठरत नाही. त्या तिघांत काहीतरी वेगळं असेलही, ते डॉक्टरने बघावं. डबकं बुजवायचं काम मात्र डॉक्टरचं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशाने शिस्त ढिली होईल, जो तो दुःख सांगत बसेल, आणि शत्रू काही आपल्या मनःस्थितीची वाट बघत नाही. खरं आहे. लढाईत भीती गिळावीच लागते, ती मीही गिळली आहे. पण लढाईतली भीती जवान एकटा गिळत नाही, शेजारी माणूस असतो, पुढे साहेब असतो, मागे युनिटचं नाव असतं. म्हणूनच ती गिळता येते. फेरफाराच्या नोटिशीशी मात्र तो एकटा लढतो. शिस्त माणसाला एकटं पाडायला नाही, एकत्र ठेवायला असते. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला ‘खंबीर राहा’ सांगणं म्हणजे काडतुसं न देता मोर्चावर पाठवणं.

काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. समुपदेशक नेमले जातात, योगाचे वर्ग होतात, दरबारात साहेब विचारतात. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, आणि सैन्यदलांसाठी त्याची वेगळी शाखा डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाली. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या छातीवर दगड असेल, तर त्याने आत्ता वाचन थांबवून तो नंबर लावावा, नाहीतर शेजारच्या कॉटवरच्याला उठवावं. लेख कुठे पळून जात नाही. पण हे सगळे उपाय माणूस दुरुस्त करायचे आहेत. प्राणायामाने श्वास लांब होतो, सुट्टी लांब होत नाही. आणि सगळ्यांना रांगेत बसवून हुकुमाने ‘तणावमुक्त’ केलं, तर ती अजून एक परेड होते.

मग करायचं काय? डबकी बुजवायची. अवघड काही मागत नाही. जवान सुट्टीवरून परतला की पहिले पंधरा दिवस त्याला रात्रीच्या एकट्या पहाऱ्यावर लावू नका, आणि हा नियम सरसकट सगळ्यांना लावा, म्हणजे कुणावर शिक्का बसणार नाही. परतल्यावर सुट्टीचा पास जमा करून घेताना प्लाटून कमांडरने एकच प्रश्न विचारावा, ‘ज्या कामाला गेला होतास ते झालं का?’ नाही म्हणाला तर ते काम युनिटचं समजावं. जिल्हाधिकाऱ्याला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र जावं, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा हेडक्लार्कने करावा, जवानाच्या बायकोने नाही. सेवेतल्या जवानाच्या फेरफाराची सुनावणी त्याच्या सुट्टीच्या तारखा बघून लागावी. मनाच्या तक्रारीसाठी वेळेवर डॉक्टरकडे जाणाऱ्याचं प्रमोशन त्या कारणाने अडू नये. ६४ व्या कलमातली ती ओळ संसदेने काढावी. आणि मलेरियासाठी होते तशीच चौकशी आत्महत्येनंतर व्हावी. त्यात ‘याच्या घरी काय होतं’ हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न हा असावा, की आम्ही काय काय केलं होतं आणि काय करायचं राहिलं.

नातेवाईकांना आणि गावकऱ्यांनाही एक सांगणं आहे. जवानाच्या घरचा वाद म्हणजे ‘तो येईल तेव्हा बघू’ असं नका म्हणू. तो येतो तेव्हा वीस दिवस येतो. ग्रामपंचायत आहे, तंटामुक्ती समिती आहे, जत्रेत जवानाचा सत्कार करून नारळ देणारं मंडळ आहे. नारळ नको, त्याचा बांध सांभाळा.

आणि पेपरवाल्यांना. पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी लिहाल तेव्हा ‘घरगुती कारण’ हे शब्द लिहू नका. कारण माहीत नसेल तर माहीत नाही लिहा. तो सुट्टीवरून कधी परतला होता, शेवटचा घरी किती दिवस होता, कशासाठी गेला होता आणि ते काम झालं का, एवढं विचारा. उत्तर मिळालं तर तेच छापा.